ताण आणि बहार : परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याविषयी



आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलखात संत्र्याची बाग न पाहिलेला विद्यार्थी विरळाच. बहार धरण्यापूर्वी बागवान झाडांचे पाणी तोडतो; याला तो ‘ताण देणे’ म्हणतो. पाणी तुटले की झाडाची नवी वाढ थांबते, पाने मलूल होतात, काही गळूनही पडतात; आणि मग योग्य वेळी पाणी मिळताच झाड फुलांनी डवरते. परंतु जाणता बागवान हा ताण मोजून देतो. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत अधिक दिवस. पानांकडे रोज पाहून तो ताण केव्हा तोडावयाचा हे ठरवितो. त्याची नजर चुकली, तर बहार हातचा जातोच, शिवाय झाडही वाळू लागते. मनुष्याच्या अभ्यासालाही हाच नियम लागू आहे, असे आम्हांस वाटते.

आपल्यापैकी कित्येकजण पुढे वाणिज्य व व्यवस्थापन शिकण्यासाठी परदेशी जाण्याचे मनोरथ बाळगून आहेत. मनोरथ उत्तम आहे. पण तेथील आयुष्य कसे असते हे आधीच जाणून घ्यावे. इंग्लंडमधील या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा एकाच वर्षात आटोपतो. डोक्यावर शिक्षणाचे कर्ज असते. सत्र चालू असता आठवड्यास २० तासांपर्यंत नोकरी करण्याची मुभा असते आणि खर्च भागविण्यासाठी अनेकांना ती करावीच लागते. डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून घर निजावयास निघते, तेव्हा तेथे साडेचारच वाजलेले असतात आणि खिडकीबाहेर अंधार दाटलेला असतो. अशा वेळी आईचा फोन येतो, “कसा आहेस रे?” आणि मुलगा उत्तर देतो, “मजेत आहे.” कर्जासाठी शेत गहाण पडले असेल, तर हे ‘मजेत आहे’ अधिकच ठामपणे बोलले जाते. आमच्या मते खरा धोका कष्टांत नसून या दोन शब्दांत आहे.

अतिश्रमाने माणूस आतून रिता होतो, त्या अवस्थेस इंग्रजीत ‘बर्नआउट’ असे नाव आहे. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ साली तिचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या वर्गीकरणात तिला रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याचा तो परिणाम होय, असे म्हटले आहे. तिची लक्षणे तीन : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी मन विटणे, आणि आपल्या हातून काही होत नाही अशी भावना होणे. ही व्याख्या नोकरीतील कामाविषयी असली, तरी विद्यार्थ्याने स्वतःची पाने तपासण्यास ती उपयोगी पडावी. एखाद्या रात्रीचा थकवा झोपेने जातो. झोपूनही जो जात नाही, तो थकवा ओळखावा.

ही वाट आपल्या माणसांनी पूर्वीच तुडविली आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. त्यांच्या शिक्षणासंबंधीचा पत्रव्यवहार एका मासिकात छापून आला होता. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तो वाचला आणि ओळखदेख नसता आपण होऊन पत्र लिहिले. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबुली याही शिकत होत्या. आपापल्या देशाचा वेष ल्यालेल्या या तिघींचे १८८५ सालचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. तिघींपैकी एकीचीही भाषा दुसरीस येत नसावी. पण परकेपणाचे नाते त्यांना पुरेसे झाले असेल.

तथापि आनंदीबाईंची प्रकृती मुळातच नाजूक होती. परक्या हवेत, थंडीत त्यांनी अभ्यास रेटला. मार्च १८८६ मध्ये पदवी मिळविली. आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी झाली नसता, पुण्यास क्षयाने त्यांचा अंत झाला. त्या काळी क्षयावर खात्रीचे औषध नव्हते, म्हणून केवळ विश्रांतीने त्या वाचल्या असत्या असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ध्येय कितीही थोर असले तरी शरीर त्याचे ऐकतेच असे नाही, एवढे मात्र या चरित्रावरून शिकावे. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठविण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली गेली. एका पत्रातून जुळलेले नाते तेथवर टिकले.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकण्यास गेले. तेथील वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची मैत्री झाली. पुढे ते लंडनला गेले. पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धाच टाकून परतावे लागले. त्यांनी याला पराभव मानले नाही. चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात त्यांनी प्राध्यापकी केली आणि पगारातून बचत केली. त्या बचतीत शाहू महाराजांच्या साहाय्याची व भथेनांनी दिलेल्या कर्जाची भर घालून १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी. एस्‌सी. ही पदवी मिळाली. थांबणे म्हणजे सोडणे नव्हे. आणि मित्राकडे मदत मागण्यात कमीपणा नाही.

याच चरित्रात एक कटू गोष्टही आहे. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत याचा विसर पडला होता, असे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे; आणि १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाल्यावर त्यांना राहण्यास जागा मिळेना. म्हणजे परकेपणा केवळ सातासमुद्रापलीकडेच असतो असे नाही. आपल्या वर्गात दुसऱ्या गावाहून आलेला मुलगा मागच्या बाकावर एकटाच डबा खात असेल, तर त्याचे परदेश येथेच आहे.

आपल्या मुलखाला या बाबतीत एक देणगी लाभली आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. घरी मराठी, कचेरीत हिंदी, असे आपण पिढ्यानुपिढ्या वागत आलो. दुसऱ्याची भाषा आत्मसात केल्याने आपली गमवावी लागत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. परदेशी जाणाऱ्याने हीच शिदोरी बरोबर न्यावी. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. उत्तर अमेरिकेत १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे. तेथे अवश्य जावे. पण केवळ आपल्याच माणसांत कोंडून घेऊ नये. शेजारच्या खोलीतील परदेशी मुलाला पोहे करून खाऊ घालावेत. आपलेपणाची वाट पाहत बसण्यापेक्षा आपण होऊन पहिले पत्र लिहावे, कार्पेंटरबाईंनी लिहिले तसे.

बाकीचे नियम साधे आहेत. झोपेचे तास अभ्यासाच्या तासांइतकेच पवित्र मानावेत. आठवड्यातून अर्धा दिवस कोणत्याही कामाविना ठेवावा. झेपत नसेल तर परीक्षेपूर्वीच शिक्षकांना सांगावे, नंतर नव्हे. मन फारच खचले तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. आपल्या देशात ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ सालापासून विनामूल्य उपलब्ध आहे. आणि घरच्यांनीही ‘किती गुण मिळाले?’ या प्रश्नाआधी ‘आज जेवलास का? कोणाबरोबर जेवलास?’ असे विचारावे.

मित्रहो, मोठे व्हा, दूर जा, भरपूर कष्ट करा. ताणावाचून बहार नाही, हे खरेच आहे. पण पाने मलूल दिसताच पाणी सोडण्यास चुकू नका; आणि आईने विचारले, तर एखादे वेळी खरे उत्तर द्या.