संपादनाचा कोर्स करायचाय? आधी कोटेशन लिहायला शिका



मागच्या व्हिडिओनंतर एका ताईंनी विचारलं, "सर, माझं एम.ए. मराठी झालंय. घरून प्रूफरीडिंग आणि संपादनाची कामं घ्यायची आहेत. भाऊ ऑस्ट्रेलियात असतो, तो म्हणतो तिकडचं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट करून टाक. करू का?"

आधी ते काय आहे ते बघू. ग्रॅज्युएट सर्टिफिकेट म्हणजे पदवीनंतरचा छोटा अभ्यासक्रम, पूर्ण वेळ केला तर सहा महिने ते एक वर्ष. ऑस्ट्रेलियाच्या शिक्षण-चौकटीत तो आठव्या पातळीवर बसतो, म्हणजे ऑनर्स पदवीच्या रांगेत. कागद वजनदार आहे. पण तिथल्या संपादकांची जी संस्था आहे, इन्स्टिट्यूट ऑफ प्रोफेशनल एडिटर्स, तिची मान्यता-परीक्षा वेगळी असते. शिवाय तिकडे शिकायचं ते इंग्रजीचं संपादन. ताईंना गिऱ्हाईक मिळणार मराठी प्रकाशक, दिवाळी अंक, शाळेची स्मरणिका, नाहीतर स्वखर्चानं आत्मचरित्र काढणारे निवृत्त काका.

मात्र त्यांच्याकडून एक गोष्ट जरूर उचला. ते काम तीन थरांत मोजतात. पहिला थर रचनेचा: प्रकरणांचा क्रम, काय ठेवायचं, काय काढायचं. दुसरा भाषेचा: वाक्यं, शब्द, सुसंगती. तिसरा मुद्रितशोधनाचा, म्हणजे पानं लावून झाल्यावर राहिलेल्या चुका पकडणं. आपल्याकडे या तिन्हीला सर्रास "जरा नजर टाका" म्हणतात, आणि नवीन माणूस नेमका इथेच बुडतो.

हिशेब करून बघा. समजा काकांचं हस्तलिखित ५०,००० शब्दांचं आहे, म्हणजे पानाला २५० शब्द धरले तर २०० पानं. तुम्ही प्रूफरीडिंग समजून पानाला २० रुपये सांगितले, एकूण ४,०००. तासाला आठ पानं झाली तर २५ तास, तासाला १६० रुपये पडले. पण मजकूर हातात आल्यावर कळतं, एकच प्रसंग तीनदा आलाय आणि वाक्यं अर्ध्यावर सुटलीत. आता तासाला चारच पानं होतात. ५० तास, पैसे तेवढेच, म्हणजे तासाला ८० रुपये. वर काका म्हणणार, "अहो, तुम्ही माझी भाषाच बदललीत!" मेहनत दुप्पट आणि नाराजी फुकट.

म्हणून दर सांगण्याआधी मजकुराची सुरुवातीची, मधली आणि शेवटची दोन-दोन पानं मागून घ्या. (नुसती सुरुवातीची नको, ती सगळ्यांनी घासूनपुसून ठेवलेली असतात.) त्यातलं एक पान दुरुस्त करून दाखवा. गिऱ्हाइकाला कळतं आपण कुठवर हात घालणार आहोत, आणि तुम्हाला कळतं वेळ किती जाणार आहे.

कोटेशनमध्ये कोणता थर, एकूण शब्द किती, किती फेऱ्या आणि नंतर वाढलेल्या मजकुराचा दर काय, हे लिहाच. "पान" हे माप शक्यतो नको, टंकाचा आकार बदलला की पानं बदलतात. फेऱ्यांमध्ये निदान दोन प्रुफं धरा. डीटीपीवाला दुरुस्त्या करताना नव्या चुका घालतो, त्यात त्याचा दोष कमीच असतो. जुन्या श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना तर रफार आणि जोडाक्षरं हमखास हलतात.

आता अभ्यासाचं. सुरुवात घरूनच होते. शासनानं १९६२ साली मान्य केलेले लेखनविषयक १४ नियम आणि १९७२ साली त्यात पडलेली ४ नियमांची भर, हे अठरा नियम उदाहरणांसकट वहीत उतरवून काढा. शेजारी अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' ठेवा. मग स्वतःची परीक्षा घ्या. 'गरीब'चं 'गरिबाला' होतं, पण 'शरीर'चं 'शरीराला'च का राहतं? 'कवी' दीर्घ, मग 'कविसंमेलन' ऱ्हस्व कसं? याचं उत्तर गिऱ्हाइकाला दोन वाक्यांत देता आलं पाहिजे, कारण लेखक वाद घालतात, आणि घालावाच.

प्रत्येक कामाला एक निर्णय-वही ठेवा. आकडे देवनागरीत की रोमन, 'डॉ.' पुढे जागा सोडायची का, आडनावाचं लेखन कसं, हे पहिल्यांदा ठरवलं की तिथेच टिपायचं. १८० व्या पानावर ते आठवत नाही.

एक वेगळी तपासणी फोन नंबर, तारखा आणि पैशांच्या आकड्यांची. माझ्या पहिल्या माहितीपत्रकात व्याकरण अगदी चोख होतं, मोबाईल नंबरातला एक आकडा चुकलेला. हजार प्रती छापून झाल्या होत्या. मीच तपासलं होतं ते!

ताईंना मी सांगितलं, कोर्सच्या फीचा विचार तीन कामं झाल्यावर करू. या आठवड्यात ओळखीतल्या एका स्मरणिकेची दहा पानं घ्या, घड्याळ लावून बसा, आणि तासाला किती पानं होतात तो आकडा मला कळवा. दर त्याच्यावरूनच काढायचाय.