‘शॉर्टली’ म्हणजे नेमके केव्हा?

मनमाड जंक्शनच्या फलाटावर उभे राहिले की ध्वनिक्षेपकावरून एक शब्द दिवसातून अनेकदा कानी पडतो. घोषणा मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत होते. मराठीत गाडी ‘थोड्याच वेळात’ येत असते, तर इंग्रजीत ती ‘शॉर्टली’ येत असते. मुंबई-भुसावळ या मुख्य लोहमार्गावरील मनमाड येथून एक फाटा अहिल्यानगरमार्गे दौंडकडे जातो, तर दुसरा छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड या मार्गाने सिकंदराबादकडे जातो. गाडी बदलण्यासाठी येथे थांबलेल्या प्रवाशाच्या दृष्टीने या एका क्रियाविशेषणाला फार मोल आहे. चहा घ्यावा की सामान उचलावे, पाणी भरून आणावे की पूल ओलांडून पलीकडच्या फलाटावर जावे, याचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

हा शब्द स्थानकापुरता मर्यादित नाही. बँकेचे पत्र, नोकरीच्या मुलाखतीनंतरचे उत्तर, परीक्षेच्या निकालाची सूचना, कार्यालयाकडून आलेली पोच या सर्वांत तो भेटतो. म्हणून त्याचा अर्थ, उपयोग व मर्यादा समजून घेणे अगत्याचे आहे.

तीन अर्थ

‘शॉर्ट’ म्हणजे आखूड किंवा कमी. या विशेषणाला ‘ली’ हा प्रत्यय लागून ‘शॉर्टली’ हे क्रियाविशेषण बनले. त्याचा आजचा प्रमुख अर्थ ‘थोड्याच वेळात, लवकरच’ असा आहे. ‘द ट्रेन विल अराइव्ह शॉर्टली’ म्हणजे गाडी थोड्याच वेळात येईल.

दुसरा उपयोग ‘आधी’ किंवा ‘नंतर’ या अर्थाच्या शब्दांसह होतो. ‘शॉर्टली आफ्टर सनराइज’ म्हणजे सूर्योदयानंतर थोड्याच वेळाने आणि ‘शॉर्टली बिफोर नून’ म्हणजे दुपारचे बारा वाजण्याच्या थोडे आधी. या रचनेत तो भूतकाळाबरोबरही सहज येतो.

तिसरा अर्थ वागण्याशी निगडित आहे. एखाद्याने ‘शॉर्टली’ उत्तर दिले, याचा अर्थ तो तुटकपणे बोलला असा होतो. हा उपयोग तुलनेने कमी आढळतो. परंतु तो ठाऊक नसेल तर वाक्याचा रोख चुकतो.

मराठी भाषकांची नेहमीची चूक येथेच होते. आपण बोलताना ‘शॉर्टमध्ये सांगा’ असे म्हणतो, म्हणून ‘थोडक्यात सांगतो’ याचे इंग्रजी करताना ‘शॉर्टली’ हा शब्द सहज तोंडात येतो. मुलाखतीस बसलेला उमेदवार आपली माहिती ‘शॉर्टली’ सांगतो असे म्हणाला, तर ऐकणाऱ्यास तो ती थोड्या वेळाने सांगणार आहे असे वाटण्याचा संभव असतो. थोडक्यात सांगण्यासाठी आजच्या इंग्रजीत ‘ब्रीफली’ किंवा ‘इन शॉर्ट’ म्हणावे. थोडक्यात सांगण्याचा संबंध बोलण्याच्या लांबीशी आहे आणि ‘शॉर्टली’चा संबंध प्रतीक्षेच्या लांबीशी आहे, एवढे ध्यानी ठेवले म्हणजे गोंधळ होत नाही.

जवळचे शब्द

‘सून’ हा ‘शॉर्टली’चा निकटचा सोबती होय. मराठी कानाला तो घरातील नात्याची आठवण करून देतो; पण त्याचा अर्थ ‘लवकर’ असाच आहे. त्याचा आवाका मोठा आहे. ‘हाउ सून’ असे विचारता येते, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ अशी रचना करता येते, ‘सूनर’ असे तुलनात्मक रूपही होते. ‘शॉर्टली’ला या अर्थाने अशी रूपे नाहीत. तो अधिक औपचारिक असून घोषणा, बातम्या व पत्रव्यवहार यांत शोभतो.

‘इमीजिएटली’ म्हणजे ताबडतोब. त्यात मध्ये अवकाश राहत नाही. ‘प्रेझेंटली’ हा शब्द मात्र सांभाळून वाचावा. ब्रिटिश इंग्रजीत त्याचा रूढ अर्थ ‘थोड्या वेळाने’ असा आहे, तर आपल्याकडे व अमेरिकेत तो बहुधा ‘सध्या’ या अर्थाने योजतात.

मराठीची सूक्ष्मता

‘शॉर्टली’साठी मराठी प्रतिशब्द निवडताना ‘च’ या लहानशा अव्ययाचे महत्त्व कळते. ‘गाडी लवकर आली’ म्हणजे ती वेळेआधी आली. ‘गाडी लवकरच येईल’ म्हणजे ती येण्यास आता फार अवधी नाही. पहिल्या वाक्यासाठी इंग्रजीत ‘अर्ली’ हवे आणि दुसऱ्यासाठी ‘शॉर्टली’ किंवा ‘सून’. एका ‘च’ने एवढा फरक पडतो.

‘इतक्यात’ हा शब्द तर त्याहून चतुर आहे. ‘तो इतक्यात येईल’ म्हणजे लवकरच येईल. ‘तो इतक्यात येऊन गेला’ म्हणजे नुकताच येऊन गेला. ‘तो इतक्यात येणार नाही’ म्हणजे त्याला अद्याप बराच अवकाश आहे. या तिन्ही ठिकाणी ‘शॉर्टली’ घालून भाषांतर करू पाहणाऱ्याची फसगत होईल. शब्दाला शब्द न ठेवता वाक्याचा काळ व आशय पाहावा लागतो.

शब्द आणि मुदत

‘शॉर्टली’ असो वा ‘लवकरच’, या शब्दांत आकडा नाही. फलाटावर ही उणीव फारशी जाणवत नाही, कारण गाडी पाहता पाहता समोर येते. मात्र दाखल्यासाठी किंवा निवृत्तिवेतनासाठी वाट पाहणाऱ्या नागरिकाला ‘लवकरच’ म्हणजे आठवडा की वर्ष, हे त्या शब्दावरून समजत नाही.

म्हणूनच कायदा करणाऱ्यांनी अनेक ठिकाणी अशा शब्दाशेजारी आकडा ठेवला आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटक झालेल्या व्यक्तीस अटकेची कारणे ‘शक्य तितक्या लवकर’ सांगावयाची असतात. परंतु तिला दंडाधिकाऱ्यासमोर हजर करण्यासाठी प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांची मुदत आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणे माहिती शक्य तितक्या शीघ्रतेने द्यावयाची असून कोणत्याही परिस्थितीत ३० दिवसांची मर्यादा आहे. माहिती एखाद्याच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी संबंधित असेल, तर ती मर्यादा ४८ तासांची होते.

महाराष्ट्रात शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम सांगतो की, कोणतीही नस्ती कर्मचाऱ्याकडे सामान्यतः कामाच्या ७ दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये. ‘तात्काळ’ नस्ती शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी आणि तातडीची नस्ती ४ दिवसांत निकालात काढणे अपेक्षित आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवांसाठी नियत कालमर्यादा ठरवून दिल्या जातात आणि ती मर्यादा उलटल्यास अर्जदाराला अपील करता येते. थोडक्यात, क्रियाविशेषणाला मुदतीची जोड मिळाली की आश्वासनाचे हक्कात रूपांतर होते.

यावरून लिहिणाऱ्याने व वाचणाऱ्याने प्रत्येकी एक सवय लावून घ्यावी. पत्रात ‘लवकरच कळविण्यात येईल’ असे लिहिताना शक्य असेल तेथे दिनांकही लिहावा. असे पत्र हाती आल्यास त्या सेवेची कालमर्यादा किती, हे विनासंकोच विचारावे.

सराव

पुढील वाक्यांचे इंग्रजी करताना कोठे ‘शॉर्टली’ चालेल ते ठरवा : (१) निकाल लवकरच जाहीर होईल. (२) तुमचा अनुभव थोडक्यात सांगा. (३) आज गाडी दहा मिनिटे लवकर आली. (४) पाऊस थांबल्यावर थोड्याच वेळात ती निघाली.

पहिल्या व चौथ्या वाक्यात ‘शॉर्टली’ योग्य आहे. दुसऱ्यात ‘ब्रीफली’ व तिसऱ्यात ‘अर्ली’ हवे. मनमाडच्या फलाटावर पुढील घोषणा ऐकाल तेव्हा तिन्ही भाषांतील शब्द एकमेकांशी ताडून पाहा. सामान मात्र आधी हाती घ्या. ‘शॉर्टली’ म्हणजे किती मिनिटे, हे तो शब्द सांगत नाही.