वाचनालयाचा वार्ताफलक आणि भाषेचा तास

तालुक्याच्या अथवा बाजारपेठेच्या गावी बहुधा एक सार्वजनिक वाचनालय असते. जुन्या वाड्याची ओसरी, नगरपरिषदेच्या इमारतीतील दोन खोल्या किंवा एखाद्या दात्याच्या नावाने उभारलेली लहानशी वास्तू, असे त्याचे स्वरूप असते. दाराशेजारी एक काळा फळा टांगलेला असतो. नवीन आलेल्या ग्रंथांची नावे, व्याख्यानाचा दिवस, बालविभागाची वेळ, सुट्टीची तारीख अशी वार्ता त्यावर खडूने लिहिलेली असते. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकजण आठवड्याच्या बाजारास जाता-येता या फळ्यावरून जातात. परंतु तो मजकूर आपल्याकरिता लिहिला आहे असे त्यांच्या मनातही येत नाही. सूचना वाचणे आणि बातमी लिहिणे ही कौशल्ये आपण तिसरी ते पाचवीच्या वर्गांत शिकवीतच असतो. त्यांसाठी हा फळा किती उपयोगी पडतो आणि त्यावरून तीन पाठ कसे घ्यावे, ते येथे सांगावयाचे आहे.

पाठाकडे वळण्यापूर्वी त्यामागील प्रयोजन ध्यानात घेतले पाहिजे. शाळेत मिळविलेले अक्षरज्ञान वाचनाने टिकते, आणि वाचावयास काही नसेल तर ते पाच-सात वर्षांत पुसट होत जाते. आपल्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी छापील अक्षर म्हणून भिंतीवरील दिनदर्शिका, खताची पिशवी आणि औषधाचे वेष्टन एवढेच असते. शाळा सुटल्यावर शेतावर किंवा सासरी गेलेल्या मुलीला वाचण्याचे ठिकाण कोणते, असा प्रश्न आपण स्वतःस विचारला, तर वाचनालयाखेरीज दुसरे उत्तर सापडत नाही. तेथे जाण्याची सवय मात्र ती शाळेत असतानाच लागली पाहिजे. वीस वर्षे ज्या दारात पाऊल ठेवले नाही, त्या दारात माणूस एकाएकी जात नाही.

ही गोष्ट शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बडोदे संस्थानात ओळखली गेली होती. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात व १९०६ मध्ये सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेले लोक पुन्हा निरक्षर होऊ नयेत म्हणून १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतले आणि खेडोपाडी ग्रंथालये काढण्याचे कार्य आरंभिले. गावाने वर्गणी जमविली की तेवढीच रक्कम पंचायतीने व तेवढीच सरकारने घालावयाची, अशी व्यवस्था होती. ज्या गावी ग्रंथालय नसे, तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठविली जात. आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्यांना अक्षरही येत नव्हते अशांसाठी या खात्याने जादूच्या दिव्याची चित्रे व चलच्चित्रे दाखविण्याचे कार्यक्रम केले. पुस्तक वाचता येत नाही म्हणून माणसास बाहेर ठेवावयाचे नाही, हे सूत्र त्यात होते. ग्रंथालयांच्या वार्तेसाठी १९१२ पासून काही वर्षे ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे नियतकालिकही निघत असे. त्यात इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी मजकूर असे.

आपल्या प्रदेशातील वाचनालयांची परंपरा याहूनही जुनी आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे, कोल्हापूरचे १८५० चे. आरंभी ती गावातील मोजक्या शिकलेल्या मंडळींची होती. पुढे १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला आणि लहान गावांतील वाचनालयांनाही शासनमान्यता व अनुदान यांचा मार्ग मोकळा झाला. तथापि वाचनालय म्हणजे चष्मेवाल्यांची जागा, ही समजूत काही कायद्याने जात नाही. ती जाते वाचनालयातील कार्यक्रमांनी. आणि कार्यक्रम कोणापर्यंत पोहोचतो, हे पुष्कळ अंशी त्या फळ्यावरील चार ओळींवर अवलंबून असते.

आता त्या चार ओळी कशा असतात ते पाहू. बहुतेक फलकांवर पुढील धर्तीचा मजकूर आढळतो :

‘सर्व ग्रंथप्रेमी रसिकांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, वाचनालयाच्या वतीने येत्या शनिवारी एका उद्बोधक व्याख्यानाचे आयोजन करण्यात आले आहे. तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी, ही नम्र विनंती.’

यात व्याकरणाची चूक नाही. पण जो ‘ग्रंथप्रेमी रसिक’ नाही, त्याने पहिल्या तीन शब्दांतच समजावे की हे बोलावणे आपणांस नाही. व्याख्यान कशावर, किती वाजता, पैसे पडतात काय, हे कोठेच नाही. ‘येत्या शनिवारी’ हा शब्दप्रयोगही फसवा आहे. फळा पुसला गेला नाही तर पुढचे दोन महिने शनिवार येतच राहतो! आणि श्रोत्याने यावयाचे ते शोभा वाढविण्यासाठी, म्हणजे तोरणाच्या व पताकांच्या कामासाठी. त्याला त्यातून काय मिळणार, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानीच आले नाही.

पहिल्या पाठासाठी शिक्षकांनी वाचनालयाच्या फलकावरील खराखुरा मजकूर जसाच्या तसा उतरवून आणावा व वर्गातील फळ्यावर लिहावा. शक्य असेल तेथे मुलांनाच तेथे न्यावे. मात्र ग्रंथपालांस आधी विचारावे. लहान गावच्या वाचनालयात बहुधा एकच व्यक्ती देवघेव, झाडलोट आणि हिशेब हे सर्व सांभाळते, आणि वाचनालय दिवसातून थोडेच तास उघडे असते, याची जाणीव ठेवावी. मजकुराचे मोठ्याने वाचन झाल्यावर अर्थ सांगण्याची घाई करू नये. ‘हे वाचून तुमच्या आईला तेथे वेळेवर पोहोचता येईल का?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. उणिवा मुले आपोआप सांगू लागतात. त्या फळ्याच्या उजव्या बाजूस मांडाव्यात.

यानंतर जो गृहपाठ द्यावयाचा, तो या सर्व पाठांतील सर्वांत मोलाचा भाग आहे असे माझे मत आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने ती सूचना घरातील किंवा शेजारच्या एका अशा व्यक्तीस वाचून दाखवावी की, जी कधी वाचनालयात गेलेली नाही, आणि त्या व्यक्तीने विचारलेला प्रश्न लिहून आणावा. ‘तिथं आत चपला घालून जायचं का?’, ‘बाया असतात का?’, ‘लिहिता येत नाही, मग सही कशी करायची?’, ‘मधूनच उठून आलं तर चालतं का?’ अशा धर्तीचे प्रश्न येतील. ते हसण्यावारी नेऊ नयेत. वाचनालयाच्या उंबऱ्यापाशी माणसे का थबकतात, त्याचे खरे कारण या प्रश्नांत असते. मुलांनी ते ज्या बोलीत ऐकले त्याच बोलीत उतरवावे. येथे शुद्धलेखनासाठी तांबडी शाई वापरू नये. प्रश्नांची वही ग्रंथपालांसही अवश्य दाखवावी.

दुसऱ्या पाठात सूचना नव्याने लिहावयाची. वर्गाने मिळून केलेला मसुदा साधारणपणे असा होईल :

‘शनिवार, १४ डिसेंबर. सायंकाळी साडेपाच वाजता. विहिरीचे पाणी पिण्याजोगे आहे की नाही, ते कसे तपासतात? या विषयाचे जाणकार वाचनालयात येऊन समजावून सांगतील व तपासणी करून दाखवतील. सभासद नसलेल्यांनीही यावे. पैसे पडत नाहीत. स्त्रियांनी व लहान मुलांनी यावे, खाली सतरंजीवर बसण्याची सोय आहे. कार्यक्रम पाऊण तासाचा आहे.’

जुनी व नवी सूचना शेजारी-शेजारी लिहून दोहोंतील क्रियापदे अधोरेखित करण्यास सांगावे. ‘आयोजन करण्यात आले आहे’ या रचनेत कर्ता दडलेला असतो. ‘समजावून सांगतील’, ‘यावे’ यांत बोलणारा आणि ऐकणारा दोघेही समोर उभे राहतात. प्रयोगांची नावे या वयात सांगण्याची गरज नाही. वाक्य उलटून पाहण्याची सवय लागली म्हणजे पुरे. वाक्ये लहान असावीत, तारीख अंकांत असावी, अक्षर दहा पावलांवरून वाचता यावे, ही तिन्ही पथ्ये मुलांनीच फळ्यापासून मागे सरकत जाऊन पडताळावीत. पहिली-दुसरीची मुले त्याच वेळी सूचनेतील ओळखीची अक्षरे व अंक शोधतील. यामुळे एकशिक्षकी शाळेतही हा पाठ सर्वांना एकत्र बसवून घेता येतो.

अशा सूचना भ्रमणध्वनीवर पाठविल्या की काम झाले, मग फळा कशास, अशी शंका कोणी घेईल. संदेश पाठविण्यास हरकत नाही. परंतु तो जातो वाचनालयाच्या गटात आधीपासून असलेल्यांस, म्हणजे जे तसेही येणारच होते त्यांस. बाहेरच्या माणसापर्यंत वार्ता नेणारे साधन म्हणजे रस्त्यावरचा फळा आणि घरोघरी जाणारे मूल.

कार्यक्रम कोणत्या दिवशी असावा, यावरही वर्गात थोडी चर्चा घ्यावी. मराठी भाषा गौरव दिन (२७ फेब्रुवारी), जागतिक पुस्तक दिन (२३ एप्रिल), डॉ. रंगनाथन यांच्या स्मरणार्थ पाळला जाणारा ग्रंथपाल दिन (१२ ऑगस्ट), वाचन प्रेरणा दिन (१५ ऑक्टोबर) हे ठरलेले दिवस आहेतच. पण पेरणीच्या व काढणीच्या दिवसांत शेतकरी घरातून कोणी येणार नाही, आणि पाणी भरण्याच्या वेळी स्त्रिया येणार नाहीत, हे मुलांना आपल्याहून अधिक ठाऊक असते. आपल्या गावच्या कामांचे वेळापत्रक त्यांच्याकडून काढून घेऊन ते वाचनालयास द्यावे.

तिसरा पाठ कार्यक्रम झाल्यानंतरचा. सूचनेत जे भविष्यकाळी होते ते बातमीत भूतकाळी येते, एवढा काळबदल मुलांच्या लगेच ध्यानी येतो. खरी अडचण निराळी असते. आपल्याकडील वृत्तान्तात अध्यक्ष कोण, दीपप्रज्वलन कोणी केले, प्रास्ताविक, सूत्रसंचालन व आभार कोणाचे, आणि सांगता पसायदानाने झाली, एवढे सगळे येते; वक्ता काय बोलला तेवढे राहून जाते. मोठ्यांचा हा साचा मुलांच्या हाती लागू देऊ नये. बातमी लिहिणाऱ्या तिघा-चौघांना कार्यक्रमापूर्वीच कामे वाटून द्यावीत. एकाने मोजावे : एकूण माणसे किती, त्यांत स्त्रिया किती, प्रथमच आलेले किती, दाराबाहेर उभे राहून ऐकणारे किती. दुसऱ्याने वक्त्याने सांगितलेली एक अशी गोष्ट टिपावी की, जी त्यास पूर्वी माहीत नव्हती. तिसऱ्याने श्रोत्यांचा प्रश्न व त्यास मिळालेले उत्तर लिहावे. चौथ्याने दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन त्या विषयावरचे पुस्तक कोणी मागितले का, ते विचारावे. मात्र मागणाऱ्याचे नाव विचारू नये व लिहू नये. कोण काय वाचतो ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, हेही मुलांना येथेच कळते.

आकडा लहान असला तरी तो खराच लिहावा. सात माणसे आली असता ‘उदंड प्रतिसाद’ लिहिण्याचा मोह मुलांना सहसा होत नाही. तो आपणां मोठ्यांस होतो. सात आली, आणि त्यांतील दोघी पूर्वी कधी आल्या नव्हत्या, तर ती चांगली बातमी आहे, आणि कशी ते वर्गात बोलून घ्यावे. सहाच्या गाडीमुळे निम्मे लोक उठून गेले असतील, तर तेही लिहावे. पुढील कार्यक्रमाची वेळ त्यावरून ठरते.

मूल्यमापनासाठी वेगळी चाचणी लागत नाही. एक सूचना व एक बातमी प्रत्येकाच्या वहीत असावी. अक्षर, विरामचिन्हे व काळ यांसाठी नेहमीप्रमाणे पाहावे. आणि वाचणाऱ्यास पडेल असा एखादा प्रश्न अनुत्तरित राहिला आहे काय, हे एका विद्यार्थ्याने दुसऱ्याची वही घेऊन शोधावे. निवडक बातम्या एका जाड वहीत वर्षभर उतरवून ठेवाव्यात व वर्षअखेरीस तिची प्रत वाचनालयास द्यावी. वार्षिक अहवाल लिहिताना मागील कार्यक्रमांची टिपणे शोधत बसण्याचा ग्रंथपालांचा वेळ त्यामुळे वाचेल.

ज्या शाळांच्या गावी वाचनालय नाही, त्यांनी बाजाराच्या दिवसाचा उपयोग करावा. त्या दिवशी पालकांबरोबर जाणाऱ्या एका मुलाने किंवा मुलीने फलकावरील वार्ता उतरवून आणावी व दुसऱ्या दिवशी परिपाठात वाचावी. नंतर ती शाळेच्या दर्शनी भिंतीवर, दूध संकलन केंद्रावर आणि बसथांब्यावर लावावी. बडोद्याच्या पेट्यांप्रमाणे दरमहा वीस-पंचवीस पुस्तके शाळेच्या नावे आणता येतील काय, अनामत किती व जबाबदारी कोणाची, हे वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास लेखी विचारावे. तो अर्जही चौथी-पाचवीच्या विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावा व मुख्याध्यापकांच्या सहीने पाठवावा.