सहीची किंमत

मंडळी, आमच्या रात्रीच्या वर्गाला एक आजी येत असत. पहिले आठ दिवस त्यांनी एकच काम केले. पाटीवर आपले नाव काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. शेवटी नाव साधले. तेव्हा त्या म्हणाल्या, "गुरुजी, अंगठा काळा करायचा सुटला, हे बरं झालं. पण एवढ्याशा सहीनं होतंय काय?"

मी आजींना एक गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हांला सांगतो. गोष्ट खरी आहे, बरं का!

न्यूझीलंड नावाचा एक देश आहे. तो आपल्यापासून हजारो मैल दूर, समुद्रात आहे. तेथे त्या काळी इंग्लंडच्या राणीचा अंमल होता. पण देशाचे कायदे तेथील लोकांनी निवडलेली सभा करीत असे. सभासद निवडायला पुरुष मत देत. बायकांना मत नव्हते.

त्या देशातील ख्राइस्टचर्च शहरात केट शेपर्ड नावाच्या बाई राहत. त्यांचा जन्म इंग्लंडात लिव्हरपूल शहरी झाला. वडील वारल्यावर आई मुलांना घेऊन १८६९ साली बोटीने न्यूझीलंडला आली. १८७१ साली केटबाईंचे लग्न झाले. पुढे एक मुलगा झाला. चारचौघींसारखा त्यांचा संसार.

त्या वेळी तेथे दारू फार बोकाळली होती. पुरुषाची मजुरी गुत्त्यात जायची आणि घरी पोरे उपाशी राहायची. हे दुःख आपल्याला काही नवे नाही. १८८५ साली तेथील बायकांनी दारूविरुद्ध संघ काढला. केटबाई त्यात शिरल्या. मुलांना दारू विकू नये, असा अर्ज बायकांनी सभेकडे केला. सभेने तो फेटाळला.

असे का झाले? कारण उघड होते. बायकांच्या हाती मत नव्हते. ज्याच्या हाती मत नाही, त्याची भीड सभासदाला कसली? मग केटबाईंनी ठरवले, आधी मत मिळवायचे. १८८७ सालापासून त्यांनी हे काम अंगावर घेतले. बायकांना मत का हवे, याची दहा कारणे त्यांनी १८८८ साली छापून वाटली.

मग सह्या गोळा करणे सुरू झाले. बायका घरोघर फिरल्या. १८९१ साली नऊ हजारांवर सह्या झाल्या. १८९२ साली सुमारे वीस हजार झाल्या. दोन्ही वेळा कायदा अडला. दारूवालेही गप्प बसले नव्हते. बायकांना मत देऊ नका, असे अर्ज त्यांनी गुत्त्यांतून फिरवले. पण त्यांतल्या काही सह्या खोट्या निघाल्या. काही लोकांना फसवून घेतलेल्या निघाल्या. त्यांची अब्रू गेली.

१८९३ साली बायकांच्या सह्या जवळजवळ बत्तीस हजार झाल्या. देश लहान. तेथे राहणाऱ्या गोऱ्या प्रौढ बायकांपैकी सुमारे दर चौघींत एकीने सही केली होती! मुख्य अर्जाचे कागद केटबाईंनी एकाला एक चिकटवले आणि झाडूच्या दांड्याभोवती गुंडाळले. ती गुंडाळी सुमारे २७० मीटर लांब होती. सर जॉन हॉल या सभासदाने ती भर सभेत सोडली. कागद उलगडत गेला आणि आतला दांडा पलीकडच्या भिंतीवर जाऊन आदळला. सारी सभा बघत राहिली.

तरी वरच्या सभेत चुरस झालीच. ८ सप्टेंबर १८९३ रोजी मते मोजली. बाजूने २०, विरुद्ध १८. दोन मतांनी कायदा झाला! १९ सप्टेंबरला गव्हर्नरांनी सही केली. स्वतःचा कारभार करणाऱ्या देशांत बायकांना लोकसभेसाठी मत देणारा हा जगातला पहिला देश. तेथील मूळच्या माओरी बायकांनाही मत मिळाले.

"बायका मतदानाला जातील कशाला? तिथे धक्काबुक्की होईल," असे विरोधक म्हणत. २८ नोव्हेंबरला निवडणूक झाली. एक लाखाहून अधिक बायकांनी नावे नोंदवली होती. त्यांतल्या नव्वद हजारांवर बायकांनी मत दिले. दिवस शांततेत गेला.

पण सगळे एकदम मिळाले नाही. निवडणुकीला उभे राहण्याचा हक्क बायकांना १९१९ साली मिळाला. पहिली बाई निवडून आली ती १९३३ साली. तेवढे पाहून केटबाई १९३४ साली वारल्या. आज त्या देशाच्या दहा डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे.

आता आपल्या घरचे ऐका. भारतात राज्यघटनेने सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना एकदमच मत दिले. पहिली निवडणूक १९५१-५२ साली झाली. त्या वेळी पुष्कळ बायकांनी यादीत आपले नाव सांगितलेच नाही. "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढेच सांगितले. अशा सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गळली. हक्क होता, पण नाव नव्हते. म्हणून मत गेले.

गोष्ट संपली तेव्हा आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पाटी ओढली आणि आपले पुरे नाव पुन्हा एकदा काढले.

मंडळी, दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कागद वाचल्याशिवाय सही करू नका. आणि वाचून पटले, तर सही करायला भिऊ नका.

शब्दांचे अर्थ
फेटाळणे – नामंजूर करणे
गुत्ता – दारूचे दुकान
प्रौढ – वयात आलेला माणूस

उत्तरे सांगा
१. बायकांचा दारूविरुद्धचा अर्ज सभेने का फेटाळला?
२. दारूवाल्यांची अब्रू कशाने गेली?
३. मतदारयादीत तुमच्या घरातील सर्व बायकांची नावे आहेत का? यादी पाहून या. नावे वहीत लिहा.