रस्त्याकाठची जागा

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात किन्हीराजा हे गाव आहे. नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना हमरस्ता या गावावरून जातो. भोवतालच्या शिवारात सोयाबीन, तूर व हरभरा पिकतो. अशा गावी रस्त्याला लागून ज्याचे शेत असते, त्याच्यापुढे एक कठीण प्रश्न उभा राहतो. त्या शेतात पीक घ्यावे, ते विकून टाकावे, की तेथे दुकानांचे गाळे बांधून भाड्याने द्यावेत?

रस्त्याकाठच्या जागेला मोठी किंमत येते, ती तिची माती अधिक कसदार असते म्हणून नव्हे. तिच्यासमोर माणसे थांबतात, म्हणून. गिऱ्हाईक आले तर दुकान चालते. दुकान चालले तर दुकानदार भाडे देऊ शकतो. आणि भाडे नियमित मिळू लागले, की जागेचे मोल वाढते. माणसे थांबेनाशी झाली, तर उत्तम बांधलेल्या गाळ्यालाही कुलूप लागते.

नागपूरहून मुंबईच्या दिशेने जाणारा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग वाशीम जिल्ह्यातूनच जातो. ५ जून २०२५ रोजी तो संपूर्ण खुला झाला. त्यावर चढण्याउतरण्याची ठिकाणे ठरलेली आहेत. वाटेतील प्रत्येक गावी वाहन थांबू शकत नाही. म्हणून केवळ दूरच्या प्रवाशांवर विसंबून गाळे बांधणाऱ्याने सावध असावे. बियाणे, खते, अवजारांची दुरुस्ती यांसाठी येणाऱ्या पंचक्रोशीतील शेतकऱ्याची गरज मात्र दरवर्षीची असते.

हे गिऱ्हाईक टिकते ते विश्वासावर. याच जिल्ह्यातील कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातील असा पहिला बाजार म्हणून त्याचा उल्लेख होतो. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. खरेदीविक्रीला नियम असले, मापात खोट नसली, तर शेतकरी आपली गाडी निःशंकपणे त्याच आवारात आणतो. बाजाराची खरी किंमत आवाराच्या भिंतींत नसते, ती या निःशंकपणात असते.

विकलेले शेत सहसा परत मिळत नाही. म्हणून रस्त्याकाठच्या शेताच्या धन्याने भाव विचारण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी : येथे कोण येईल, आणि तो पुन्हा का येईल?

स्वाध्याय
१. रस्त्याकाठच्या जागेचे मोल कशामुळे वाढते?
२. आपल्या गावातील एखादे जुने दुकान आजवर कशामुळे टिकले, याची माहिती मिळवा व आठ ओळींत लिहा.