आरटीएक्स ३०६० की ४०६०? मिक्सिंग स्टुडिओचं कार्ड घेण्याआधी हे वाचा



मिक्सिंग स्टुडिओच्या व्हिडिओत आपण भांडवलाचा हिशोब मांडला. त्यात ग्राफिक्स कार्ड दोन वाक्यांत उरकलं होतं. आज तेवढ्यावरच बोलू, कारण नवखा माणूस सगळ्यात जास्त पैसे इथेच चुकीच्या जागी घालतो.

समजा, तुम्ही मुक्ताईनगरात छोटा गाळा घेतलाय. लग्नाचं शूटिंग, प्री-वेडिंग, आषाढीच्या पालखीचे व्हिडिओ अशी कामं आहेत. मुद्रा कर्जाचा शिशु गट ५०,००० रुपयांपर्यंतच, त्यात अख्खा कॉम्प्युटर बसत नाही, म्हणून तुम्ही किशोर गटातून कर्ज काढताय. चातुर्मासात लग्नं थांबतात, हप्ता थांबत नाही. अशा वेळी डीलर दोन क्वोटेशन देतो: एकात आरटीएक्स ३०६०, दुसऱ्यात ४०६०. आणि सांगतो, "४०६० नवीन आहे, तेच घ्या."

नवीन आहे हे खरं. ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं, ४०६० जून २०२३ मध्ये. पण कागद नीट वाचला की गोंधळ होतो. जुन्या कार्डात ३५८४ कोअर, नव्यात ३०७२. जुन्यात १२ जीबी मेमरी, नव्यात ८. मग नवीन कमी कसं?

केळीची गाडी भरतानाचं चित्र डोळ्यांपुढे आणा. ३६ मजूर सावकाश घड वाहतात, दुसरीकडे ३१ मजूर आहेत पण चपळ. गाडी आधी कोणाची भरेल? ३०६० चा बूस्ट वेग सुमारे १.७८ गीगाहर्ट्झ, ४०६० चा २.४६. कोअर आणि वेगाचा गुणाकार केला तर ४०६० कागदावर साधारण पाचव्या हिश्श्याने पुढे जातं. म्हणून नुसते कोअर मोजू नका.

आता मेमरी. मेमरी म्हणजे माल ठेवायचा ओटा, आणि बस म्हणजे ओट्याकडे जायचा दरवाजा. ३०६० चा ओटा १२ जीबीचा, दरवाजा १९२ बिटचा, त्यातून सेकंदाला ३६० जीबी डेटा जातो. ४०६० चा ओटा ८ जीबी, दरवाजा १२८ बिट, सेकंदाला २७२ जीबी. नव्या कार्डात आतली कॅश मेमरी मोठी आहे (२४ एमबी, जुन्यात ३), त्यामुळे दरवाज्याकडे फेऱ्या कमी होतात. पण ओटाच भरला तर कॅश काही करू शकत नाही. दा विंची रिझॉल्व्हमध्ये फोरके टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन आणि तीन-चार इफेक्ट चढवले की "जीपीयू मेमरी फुल" येतं. तिथे हळू चालणं वगैरे नाही, काम अडतंच.

आणि इथे एक सापळा आहे. ३०६० याच नावाचं ८ जीबीचं कार्डही आहे, १२८ बिटचं, सेकंदाला २४० जीबीवालं. बॉक्सवर नाव तेच! ४०६० पेक्षा मागे आणि १२ जीबीचा फायदाही नाही. म्हणून क्वोटेशनवर "३०६०, १२ जीबी, १९२ बिट" असं पूर्ण लिहून घ्या. डीलर लिहायला कां कू करत असेल तर समजून जा.

विजेचं बघू. ३०६० पूर्ण लोडवर १७० वॅट घेतं, ४०६० घेतं ११५. रोज सहा तास आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर फरक ८ युनिटच्या आसपास. बिलात तो जाणवणार नाही. जाणवतो तो आपल्याकडच्या मे महिन्यात. पारा ४५ वर, गाळ्यावर पत्रा, आणि कॅबिनेटमधून ५५ वॅटची जास्तीची उष्णता. शिवाय ६०० व्हीए चा साधा यूपीएस ३६० वॅटच्या आसपासच पेलतो. एक्स्पोर्ट ९० टक्क्यांवर असताना लाईट गेली, तर १७० वॅटच्या कार्डाबरोबर प्रोसेसर आणि मॉनिटर धरून तो यूपीएस काठावर येतो.

४०६० मध्ये एव्ही१ एन्कोडिंग आहे, ३०६० मध्ये नाही. यूट्यूबवर टाकायला छान, फाइल लहान होते. पण गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन घरच्या टीव्हीला लावतं, त्याला एच.२६४ च द्यायचंय. यासाठी जादा पैसे मोजू नका.

आता जे डीलर सहसा सांगत नाही ते. तुमचा कॅमेरा फोर-टू-टू, १० बिट शूट करत असेल (नवे सोनी बहुतेक करतात), तर हे फुटेज हार्डवेअरवर उघडायची सोय या दोन्ही कार्डांत नाही. एनव्हिडियाने ती २०२५ च्या ५० मालिकेपासून दिली. टाइमलाइन अडखळते ती त्यामुळे, आणि माणूस कार्डाला दोष देतो. यावर स्वस्त उपाय म्हणजे अकराव्या पिढीनंतरचा इंटेल प्रोसेसर, ज्याच्यात ग्राफिक्स आहे असा. नावाच्या शेवटी "एफ" असेल तर ते ग्राफिक्स नसतं. हजार-दोन हजार वाचवायला एफवाला घेतला की इथे फसलात. ही सोय एच.२६५ साठी आहे, म्हणून सोनीत एक्सएव्हीसी एचएस निवडा. एक्सएव्हीसी एस मध्ये एच.२६४ असतं, ते तसंच अडखळेल. नाहीतर सरळ प्रॉक्सी बनवून एडिट करा, पैसे लागत नाहीत.

माझं मत विचाराल तर: प्रीमियरमध्ये साधं मिक्सिंग, रील, हळदीचे हायलाइट, एवढंच काम असेल तर ४०६०. रिझॉल्व्हचं जड ग्रेडिंग, ब्लेंडर किंवा एआयची कामं असतील तर १२ जीबीचं ३०६०, पण नवीन आणि बिलासकट. जुनं स्वस्तात मिळतंय म्हणून उचलू नका. २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत इथेरियमच्या मायनिंगमध्ये अशी कार्डं रात्रंदिवस राबली आहेत. आणि तुमचं काम फक्त फ्लेक्स आणि कोरलड्रॉचं असेल तर दोन्ही नकोत. ते पैसे रॅम आणि एसएसडीत घाला.

मदरबोर्ड जुना असेल तर अजून एक गोष्ट बघा. ४०६० आठच लेन वापरतं, त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या पीसीआय स्लॉटवर मेमरी भरली की ते जास्त मार खातं.

ऑर्डर देण्याआधी एक काम करा. ओळखीच्या स्टुडिओत तुमच्याच कॅमेऱ्याचं दहा मिनिटांचं फुटेज घेऊन जा. टाइमलाइन चालवताना टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयू निवडा. "डेडिकेटेड जीपीयू मेमरी" ८ जीबीला टेकत असेल तर १२ जीबीचं घ्या. "व्हिडिओ डिकोड" शून्यावर आणि प्रोसेसर शंभरवर दिसत असेल तर वरचा फोर-टू-टूवाला परिच्छेद पुन्हा वाचा. जीएसटी नंबर असेल तर बिल त्याच नंबरवर घ्या, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं. वॉरंटीसाठी कार्ड तुम्हाला जळगावला न्यावं लागेल की पार्सल करावं लागेल, हेही त्याच वेळी विचारून घ्या. लग्नसराईत चार दिवस मशीन बंद पडलं तर पार्टी थांबत नाही.