लातूरची गंजगोलाई



भूगोलाच्या तासाला गुरुजींनी सांगितले, की खाण लागली की त्या जागी माणसे जमतात, मग दुकाने निघतात, मग मोठमोठ्या इमारती उठतात. कर्नाटकात कोलारला सोन्याच्या खाणीपायी असेच शहर वसले. (ती खाण २००१ साली बंद पडली.) आपला बालाघाटही डोंगरच, पण त्याच्या पोटात सोने नाही, नुसता काळा दगड. मग याच डोंगराच्या पठारावर लातूरला एवढी जंगी पेठ कशी झाली? मी थोडी माहिती गोळा केली, ती इथे देतो.

अंबाजोगाईहून एस.टी.ने दीड-दोन तासांत लातूर येते. शहराच्या मधोमध गंजगोलाई आहे. ही दुमजली गोल इमारत १९१७ साली बांधली. तिचा आराखडा फैयाजुद्दीन या नगररचनाकाराचा. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर आहे आणि भोवताली सोळा रस्ते फुटतात. कुठे सराफ, कुठे चपलांची दुकाने, कुठे मिरची, तर कुठे गूळ.

कंपासपेटी काढा आणि एक वर्तुळ करा. ३६० अंशांचे सोळा सारखे भाग केले तर एकेक भाग साडेबावीस अंशांचा येतो. आता असे बघा, की सोळा वाटांनी सोळा बैलगाड्या आल्या. कुणाचीच गाडी दुसऱ्याच्या मागे अडकून पडणार नाही. शिवाय एका दुकानी भाव पटला नाही, तर शेतकरी वळसा घालून पुढच्या दुकानी विचारू शकतो. लांबलचक सरळ पेठेत तेवढेच माघारी यावे लागते. मला तरी गोल आकाराचा हाच मोठा फायदा वाटतो.

‘गंज’ हा शब्द फारसी आहे. त्याचा अर्थ खजिना, साठा, तसेच धान्याची पेठ. आपण कडब्याची गंज म्हणतो, तिथेही रास आलीच. (लोखंडाला चढतो तो गंज निराळा.)

आता मुख्य गोष्ट. नुसती गोल इमारत बांधून पेठ होत नाही, माल बाहेर जायला वाट लागते. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराची बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. तिच्या दोन रुळांत अंतर फक्त अडीच फूट! ती १९११ साली लातूरला पोचली आणि सहाच वर्षांनी गोलाई उभी राहिली. म्हणजे सोन्याच्या खाणीचे काम इथे आपल्या काळ्या रानाने आणि त्या चिमुकल्या गाडीने केले.

त्या वेळी लातूर आणि आपले बीड दोन्ही निजामाच्या राज्यात होते, पण बार्शी इंग्रजांच्या मुलखात. निजामाचा रुपया ‘हाली’, इंग्रजांचा ‘कलदार’. सरहद्द ओलांडताना मालावर जकात पडे, तिला करोडगिरी म्हणत. एकाच रुळावर दोन राज्ये आणि दोन नाणी! व्यापाऱ्यांना हिशेब तोंडपाठ ठेवावा लागत असेल. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. लातूर हा वेगळा जिल्हा मात्र १९८२ साली झाला, तोवर तो उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसे गेली, गावेच्या गावे पडली. लातूरची ही गोलाई मात्र उभी आहे. २०१७ साली तिला शंभर वर्षे झाली.

आता तूर, सोयाबीनचा सौदा बाजार समितीच्या आडतीवर होतो. आपल्या भागातलाही बराच माल तिकडेच जातो. पण पट्टी हातात पडली की पाय गोलाईकडे वळतात, कारण कापड आणि सोने तिथे. माझी आजी म्हणते, “गोलाईत बस्ता बांधल्याबिगर आमच्याकडं लगीन ठरलंय असं कुणी धरतच नव्हतं.”

– एक विद्यार्थी, इयत्ता सातवी